रोजच्या चिमूटभर अँटिबायोटिकचा हट्ट

"प्रोबायोटिक म्हंजे पैसेवाल्यायचं दही हाय जी. डुकराले तं टेट्रासायक्लिनच मानवते."

नागपूर-अमरावती महामार्गावर तळेगाव (श्यामजी पंत) इथल्या चहाच्या टपरीवर ज्यांच्या तोंडून हे ऐकलं, ते गृहस्थ काही हवेत बोलणारे नव्हेत. स्वतः डुकरं पाळतात, पशुखाद्याची छोटी एजन्सी चालवतात, आणि आष्टी-कारंजा पट्ट्यातली पोरं शेड घालण्याआधी त्यांचा सल्ला घेऊन जातात. या भागात जनावर म्हटलं की गवळाऊ गाय आणि बाग म्हटली की संत्रा. डुकराला कालपरवापर्यंत पशुधनात कुणी धरत नव्हतं. आता राष्ट्रीय पशुधन अभियानातून शंभर माद्या आणि दहा नरांच्या युनिटला निम्मं भांडवली अनुदान, तीस लाखांच्या मर्यादेत, मिळतं हे कळल्यापासून शिकलेली मुलंही यॉर्कशायर आणि लँडरेसची चौकशी करू लागली आहेत. त्यामुळे या भाऊंचं मत टपरीपुरतं राहत नाही, ते शेडाशेडात पोचतं. म्हणून त्याला लेखी उत्तर द्यायला हवं.

आधी त्यांचं म्हणणं सरळ मांडतो, कारण त्यात खरंही बरंच आहे. त्यांनी मागे एकदा दूध तोडलेल्या पिल्लांना हगवण लागल्यावर प्रोबायोटिकची पुडी पाजली. पिल्लं गेली. पुढच्या वेळी टेट्रासायक्लिन दिलं, पिल्लं वाचली. तेव्हापासून ते खाद्यात चिमूटभर अँटिबायोटिक रोज मिसळतात आणि इतरांनाही तेच सांगतात. परदेशातल्या संशोधनाचं म्हणाल तर, एक म्हणतो गुण येतो, दुसरा म्हणतो येत नाही, मग आपण कुणाचं ऐकायचं? डेन्मार्कवाल्यांनी खाद्यातलं अँटिबायोटिक बंद केलं तर त्यांच्याकडे पिल्लांची हगवण वाढलीच की. आणि शेवटी, गावात उकिरड्यावर फिरणाऱ्या डुकराला कुणी कधी पुडी पाजली? ते तर ठणठणीत असतं.

पहिल्या अनुभवापासून सुरुवात करू, कारण बाकीचं सगळं त्याच्यावर उभं आहे.

हगवण लागलेलं पिल्लू जवळून पाहिलंय का? शेपटी ओली, मागचा भाग लाल आणि चिकट, केस राठ होऊन उभे राहिलेले. मानेची कातडी चिमटीत धरून सोडली तर ती लगेच खाली बसत नाही, घडी तशीच राहते. डोळे खोल गेलेले असतात. या पिल्लाच्या आतड्यात बहुतेक वेळा ई. कोलायची एक विशिष्ट जात घुसलेली असते. तिच्या अंगावर केसासारखे सूक्ष्म तंतू असतात. शास्त्रज्ञ त्यांना एफ-४ आणि एफ-१८ अशी नावं देतात. त्या तंतूंनी ती छोट्या आतड्याच्या अस्तराला घट्ट चिकटते आणि विष सोडते. विषामुळे आतडं पाणी आणि क्षार आत घ्यायच्या ऐवजी बाहेर टाकू लागतं. पिल्लू मरतं ते त्या पाण्याच्या तुटवड्याने. अशा वेळी पहिली गरज मीठ-साखर-पाण्याची, पिल्लू पीत नसेल तर सलाईनची, आणि पशुवैद्याला वाटलं तर योग्य अँटिबायोटिकची. या घटकेला पाजलेल्या पुडीतल्या जिवाणूला चिकटायला जागाच उरलेली नसते. भाऊंची पुडी हरली यात नवल काही नाही. ती ज्या कामाची नव्हती त्या कामाला लावली गेली.

प्रोबायोटिकची कल्पना समजून घ्यायला एसटी पुरेशी आहे. आर्वीच्या स्टँडवर गाडी लागली की खिडकीतून रुमाल टाकून सीट धरणारा माणूस आपण सगळ्यांनी पाहिलाय, आणि बहुतेकांनी तो रुमाल टाकलाही आहे. आतड्याच्या अस्तरावरच्या जागांचं तसंच. आधी येऊन बसलेल्या निरुपद्रवी जिवाणूंना उठवणं नंतर आलेल्या रोगजंतूला जड जातं. पण गाडी खच्चून भरल्यावर, दारात लोंबकळणाऱ्यांची भांडणं सुरू झाल्यावर, रुमाल टाकून काय उपयोग?

ही गोष्ट प्रयोगात पहिल्यांदा ठसठशीत दिसली ती कोंबड्यांत. फिनलंडमध्ये साल्मोनेलाने ब्रॉयलर उद्योग हैराण झाला होता. नुर्मी आणि रांटाला या शास्त्रज्ञांनी १९७३ मध्ये 'नेचर' मासिकात दाखवलं की मोठ्या निरोगी कोंबडीच्या आतड्यातला मजकूर नुकत्याच अंड्यातून निघालेल्या पिल्लांना दिला, तर त्यांना साल्मोनेला सहजी धरत नाही. यंत्रातल्या पिल्लांना आईच भेटत नाही, त्यामुळे आईकडून मिळायचे जिवाणूही मिळत नाहीत, ही त्यामागची मेख. डुकराच्या पिल्लाला आई भेटते. ते आईच्या अंगावरून, सडांवरून आणि तिच्या शेणातूनसुद्धा जिवाणू घेतं, आणि पहिल्या काही तासांतच त्याच्या आतड्यात वस्ती सुरू होते. आईचं दूध आहे तोवर त्यातली साखर खाऊन लॅक्टोबॅसिलस वाढतात आणि आम्ल तयार करतात. पिल्लाच्या जठराला स्वतःचं पुरेसं आम्ल करता येत नसतं, ती उणीव हे जिवाणू भरून काढतात.

मग दूध तुटतं. एका दिवसात दुधाच्या जागी सोयाबीन पेंड आणि मका येतो, आईपासून ताटातूट होते, दुसऱ्या बाळंतपणाची अनोळखी पिल्लं एकाच कोंडवाड्यात येतात आणि चावाचावी सुरू होते. पिल्लू दिवस-दोन दिवस धड खात नाही. त्या उपासाने आतड्यातले बारीक अंकुर आखूड होतात. लॅक्टोबॅसिलस घटतात, आम्ल घटतं. न पचलेली प्रथिनं पुढे सरकतात आणि त्यावर ई. कोलाय माजतात. परदेशी फार्मवर हा तमाशा चौथ्या आठवड्यात होतो, आपल्याकडे बहुधा सहाव्या ते आठव्या आठवड्यात. तारीख आधी माहीत असलेला हा आजार आहे. म्हणूनच त्याची तयारीही आधी करता येते.

आयर्लंडच्या कॉर्क विद्यापीठ आणि मूरपार्कच्या संशोधकांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेला प्रयोग मला या वादात सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. त्यांनी डुकरांच्याच आतड्यातून निवडलेले पाच वाण एकत्र केले आणि दूध तोडलेल्या पिल्लांना आधी काही दिवस रोज पाजले. त्यानंतर मुद्दाम साल्मोनेला टायफीम्युरियम दिला. ज्यांना जिवाणू मिळाले होते त्यांच्यात हगवण कमी जणांना लागली, कमी तीव्र होती, लवकर थांबली, आणि त्यांचं वजनही जास्त भरलं. यातले 'आधी काही दिवस' हे शब्द पुडी विकणारेही गाळतात आणि पुडीला शिव्या देणारेही. त्या प्रयोगात पिल्लं आजारी पडल्यावर पुडी फोडली असती तर काय निकाल आला असता, हे भाऊंना स्वतःच्या शेडावरून माहीत आहे.

आता टेट्रासायक्लिनने पिल्लं वाचली त्याबद्दल. वाचली असतील. पण प्रत्येक हगवण ई. कोलायची नसते, आणि इथे पुडीवाले आणि टेट्रासायक्लिनवाले दोघेही सारखेच आंधळे होतात. जन्मल्यापासून पहिल्या आठवड्यात रक्ताळ हगवण लागून पटापट मरणारी पिल्लं क्लॉस्ट्रिडियमची असू शकतात. आठवडा ते पंधरवडा या वयात पिवळसर, लोण्यासारखी, आंबूस वासाची हगवण बहुधा कॉक्सिडियाची, म्हणजे एका परजीवीची. तिच्यावर टेट्रासायक्लिनही चालत नाही आणि प्रोबायोटिकही नाही, तिचं औषध वेगळं. रोटाव्हायरसला अँटिबायोटिक लागूच होत नाही. आणि मोठी डुकरं तापाने फणफणली, एकमेकांच्या अंगावर ढीग करून पडली, कान आणि पोट लाल-जांभळं झालं, त्याबरोबर हगवणही असली, तर तो स्वाइन फिव्हर समजून त्याच दिवशी पशुवैद्याला कळवायचं. त्यावर भारतीय पशुवैद्यक संशोधन संस्थेची लस आहे. रोग आल्यावर मात्र ना पुडी कामाची, ना इंजेक्शन. अशा वेळी आठ दिवस घरचे उपाय करत बसणारा शेजारच्या शेडालाही बुडवतो.

परदेशी संशोधनात एकवाक्यता नाही, हा आक्षेप मला मान्य आहे. त्यातून काढलेला निष्कर्ष मात्र अजिबात मान्य नाही. 'प्रोबायोटिक चालतं का?' हा प्रश्नच अर्धवट आहे. कोणता जिवाणू, कोणता वाण, कोणत्या जनावराला, कोणत्या वयात, कोणत्या रोगाविरुद्ध, किती संख्येने, असं विचारलं की निकालांतली विसंगती बरीचशी विरघळते. एन्टेरोकॉकस फीशियमचा एक वाण युरोपात पिल्लांच्या खाद्यासाठी मान्यताप्राप्त आहे. जर्मनीत २००९ मध्ये त्याच वाणावर साल्मोनेलाची परीक्षा घेतली तेव्हा जिवाणू खाणाऱ्या पिल्लांच्या शरीरात साल्मोनेला उलट जास्त सापडला. म्हणजे एका कामाला चांगला वाण दुसऱ्या कामाला वाईट ठरू शकतो. बॅसिलस टोयोई नावाचा जपानी मूळचा जिवाणू कित्येक वर्षं युरोपात डुकरांना दिला जात होता. पुढे तपासणीत त्याच्यातच टेट्रासायक्लिन आणि क्लोरॅम्फेनिकॉलला दाद न देणारी जनुकं सापडली, आणि २०१३ मध्ये युरोपीय संघाने त्याची मान्यता स्थगित केली. ही दोन्ही उदाहरणं मी माझ्या बाजूच्या विरोधात जाऊन देतोय, कारण ज्याला 'चांगला जिवाणू' म्हणतात तोही तपासूनच घ्यायचा असतो, हे सांगायला यांच्याइतकी चांगली उदाहरणं नाहीत.

आणि आपल्या मातीतलं उदाहरण तर त्याहून बोलकं आहे. बरेलीजवळच्या इज्जतनगरच्या भारतीय पशुवैद्यक संशोधन संस्थेत दूध तोडलेल्या संकरित पिल्लांवर दोन जिवाणू शेजारी शेजारी वापरून पाहिले. एक कर्नालच्या दुग्ध-जिवाणू संग्रहातला लॅक्टोबॅसिलस, म्हणजे दह्याच्या घराण्यातला. दुसरा डुकराच्याच शरीरातून मिळवलेला पेडिओकॉकस. २०१८ च्या सुमारास प्रसिद्ध झालेल्या या निष्कर्षांत डुकराचा स्वतःचा जिवाणू दह्याच्या जिवाणूपेक्षा सरस ठरला, वाढीतही आणि पोटाच्या तब्येतीतही. म्हणजे भाऊंचं 'पैसेवाल्यायचं दही' हे वाक्य एका अर्थाने बरोबर निघालं. नुसत्या दह्याच्या वारसदारावर विसंबणं डुकराला अपुरं पडतं. पण त्याचं उत्तर डुकराचा जिवाणू शोधणं हे आहे. टेट्रासायक्लिनचा डबा उघडणं हे त्याचं उत्तर कसं होतं, ते मला कुणी समजावून सांगावं.

मी या वादात पुडीवाल्यांचा वकील नाही, हेही इथेच स्पष्ट करतो. आपल्याकडे दुकानांत मिळणाऱ्या अनेक पाकिटांवर काय छापलेलं असतं ते एकदा बाहेर उन्हात नेऊन वाचावं. लॅक्टोबॅसिलस, सॅकरोमायसीज, बॅसिलस अशी घराण्यांची नावं मोठ्या अक्षरात. वाणाचा क्रमांक नाही. किती कोटी जिवाणू ते कधी असतं, कधी नसतं, आणि असलं तरी ते कारखान्यातून निघतानाचं की मुदत संपतानाचं, याचा पत्ता नाही. कोणत्या जनावराला, याच्या जागी गाय, म्हैस, शेळी, कोंबडी, डुक्कर, मासे, सगळ्यांना एकच. युरोपात प्रत्येक वाणाला प्रत्येक जनावराच्या वयोगटासाठी वेगळी परवानगी काढावी लागते. तिथे दूध पिणारं पिल्लू आणि लठ्ठ व्हायला बांधलेलं डुक्कर ही दोन वेगळी जनावरं धरतात. आणि पाकिटाच्या खाली एका कोपऱ्यात एक ओळ असते: थंड व कोरड्या जागी ठेवावे.

तळेगावच्या मे महिन्यात थंड जागा म्हणजे काय, हे ज्याने तिथल्या पत्र्याच्या दुकानात दुपार काढलीय त्यालाच विचारा. वर्धा जिल्ह्याचा पारा पंचेचाळिशी गाठतो आणि पत्र्याखाली त्याहून वर. लॅक्टोबॅसिलससारखे नाजूक जिवाणू त्या उष्णतेत भराभर मरतात. बीजाणू धरणारा बॅसिलस मात्र टिकतो, कारण तो स्वतःभोवती कवच करून झोपून राहतो. म्हणून आपल्या हवेत बॅसिलसचं उत्पादन तुलनेने भरवशाचं आणि लॅक्टोबॅसिलसचं पाकीट फ्रीजशिवाय निरर्थक. बरं, एवढं करून घरी आणलेलं पाकीट आपण ब्लीचिंग पावडर टाकलेल्या टाकीतल्या पाण्यात कालवतो आणि सोबत खाद्यात अँटिबायोटिकही असतंच. म्हणजे एका हाताने जिवाणू घालायचे आणि दुसऱ्या हाताने मारायचे. मग 'पुडी चालत नाही' असा निकाल द्यायचा. भाऊंनी आज पुन्हा पुडी वापरून पाहिली तर त्यांच्या शेडात नेमकं हेच होईल. रोज टेट्रासायक्लिन खाणाऱ्या पिल्लाच्या आतड्यात प्रोबायोटिकला नीट पाय रोवता येणं अवघड आहे. आणि टेट्रासायक्लिनला दाद न देणारे ई. कोलाय मात्र त्याच खाद्यावर निवडून निवडून वाढतात. हा चिमूटभर डोस रोग बरा करायला फार कमी असतो आणि रोगजंतूला शिकवायला अगदी पुरेसा.

डेन्मार्कचं उदाहरण भाऊंनी अर्ध्यावर सोडलं, ते मी पूर्ण करतो. तिथल्या शेतकऱ्यांनी मोठ्या डुकरांच्या खाद्यातलं वाढीसाठीचं अँटिबायोटिक १९९८ मध्ये थांबवलं आणि दूध तोडलेल्या पिल्लांचं १९९९ अखेर. पिल्लांची हगवण काही काळ वाढली, उपचारासाठी दिलेलं औषधही वाढलं, हे खरं. पण १९९२ ते २००८ या सोळा वर्षांचा हिशेब पाहिला तर दर किलो डुकरामागे अँटिबायोटिक निम्म्याहून खाली आलं, आणि त्याच काळात वर्षाला तयार होणाऱ्या डुकरांची संख्या एक कोटी चौऱ्याऐंशी लाखांवरून दोन कोटी एकाहत्तर लाखांवर गेली. व्यवसाय बुडाला नाही, वाढला. सगळ्या युरोपात ही बंदी १ जानेवारी २००६ पासून आली. हगवणीवर मोठ्या मात्रेत दिलं जाणारं झिंक ऑक्साइडही त्यांनी २०२२ मध्ये बंद केलं. ते शहाणे आणि आपण अडाणी असं मी म्हणत नाही. दूध उशिरा तोडणं, खाद्यातली प्रथिनं कमी करणं, आंबवलेलं पातळ खाद्य देणं, लस देणं, आणि जोडीला तपासलेले जिवाणू, असं सगळं बरोबर करून त्यांनी ते साधलं. एकट्या पुडीने नाही साधलं, आणि ते तसं म्हणतही नाहीत.

आता कोलिस्टिन. हे नाव भाऊंनी घेतलं नाही, पण टपरीवरच्या दुसऱ्या एकाने घेतलं, "ते तं जबर असते" असं म्हणत. कोलिस्टिन हे माणसाच्या अतिदक्षता विभागातलं शेवटच्या फळीचं औषध. बाकी काहीही लागू होत नाही तेव्हा डॉक्टर ते काढतात. नोव्हेंबर २०१५ मध्ये चीनमधल्या शास्त्रज्ञांनी जाहीर केलं की डुकरांतल्या ई. कोलायमध्ये एमसीआर-१ नावाचं जनुक सापडलंय, ते जिवाणूला कोलिस्टिनपासून वाचवतं, आणि ते एका जिवाणूकडून दुसऱ्याकडे उडी मारतं. चीनने २०१७ मध्ये खाद्यातलं कोलिस्टिन बंद केलं. पुढच्या काही वर्षांत डुकरांत कोलिस्टिनला न जुमानणारे ई. कोलाय झपाट्याने उतरले. भारताच्या आरोग्य मंत्रालयाने जुलै २०१९ मध्ये खाद्यासाठी पाळल्या जाणाऱ्या जनावरांकरिता कोलिस्टिन बनवायला आणि विकायला बंदी केली. म्हणजे आजही कुणी डुकराला 'जबर' म्हणून ते देत असेल तर तो कायद्याच्याही बाहेर आहे.

तळेगावचा, आष्टीचा, आर्वीचा माणूस गंभीर आजारी पडला की त्याला सेवाग्रामला, सावंगीला नाहीतर नागपूरला नेतात. तिथल्या अतिदक्षता विभागात औषध चालणार की नाही हे जे ठरायचं, ते अंशतः शेडांत, गोठ्यांत आणि कोंबड्यांच्या खुराड्यांत आधीच ठरत असतं. भाऊंच्या चिमूटभर टेट्रासायक्लिनने उद्या कुणी मरेल असं मी म्हणत नाही. तेवढं नाटक या युक्तिवादाला लागत नाही. पण 'माझं डुक्कर, माझं खाद्य, माझं औषध' हे वाक्य औषध जिवाणूंपाशी पोचलं की खोटं पडतं, एवढं नक्की.

उकिरड्यावरच्या डुकराबद्दल दोनच ओळी. ते ठणठणीत दिसतं कारण जी पिल्लं जगली नाहीत ती आपण मोजलेली नसतात. शिवाय ते पिल्लू दोन-अडीच महिने आईसोबत हिंडतं, दूध हळूहळू सुटतं, आणि एकाच खोलीत शंभर अनोळखी पिल्लांसोबत कोंडलेलं नसतं. शेडातल्या रोगाचा जन्म शेडात आहे. ज्यांनी पिढ्यान्पिढ्या डुकरं पाळली त्या कैकाडी आणि इतर समाजातल्या म्हाताऱ्या बायांना लवकर दूध तोडू नये हे पुस्तकाशिवाय माहीत होतं. नव्या शेडवाल्यांनी अनुदानाच्या अर्जाबरोबर त्यांच्याकडेही एक चक्कर मारायला हरकत नव्हती.

मग करायचं काय, असं भाऊ विचारतील, आणि ते रास्त आहे. पिल्लू जन्मल्यावर पहिल्या तासांत आईचा चीक पोटभर मिळाला पाहिजे. डुकराच्या पोटातल्या वारेतून रोगप्रतिकारक द्रव्यं पिल्लाला मिळत नाहीत, ती फक्त चिकातून मिळतात, आणि ती शोषून घेणारं आतडं साधारण एका दिवसात बंद होतं. नंतर कितीही जिवाणू पाजा, ती वेळ परत येत नाही. डिसेंबर-जानेवारीत वर्ध्याकडच्या रात्री कडाक्याच्या असतात. नुकत्याच जन्मलेल्या पिल्लाला बत्तीस-चौतीस अंशांची ऊब लागते, नाहीतर गारठलेलं पिल्लू सडापर्यंत जातच नाही आणि त्याची हगवण दोन दिवसांत दिसते. तिसऱ्या दिवशी लोहाचं इंजेक्शन. व्यायच्या आधी डुकरीण धुवून कोरड्या, चुना मारलेल्या कोंडवाड्यात घ्यायची. एक तुकडी बाहेर गेली की कोंडवाडा रिकामा करून, धुवून, वाळवूनच दुसरी आत घालायची. दूध तोडणं घाईने नको. तोडायच्या आधीपासून पिल्लांना थोडं थोडं खाद्य चाटायला ठेवायचं, आणि नंतरचे पंधरा दिवस पेंड कमी.

हे सगळं झालं की मग प्रोबायोटिक. व्यायच्या साधारण दोन आठवडे आधीपासून डुकरिणीला बीजाणूवाला बॅसिलस, म्हणजे तिच्या शेणातून पिल्लांना आपोआप मिळेल. आणि पिल्लांना दूध तोडायच्या आठवडाभर आधी ते नंतर दोन-तीन आठवडे, वाण छापलेल्या पाकिटातून, क्लोरीन नसलेल्या पाण्यात, त्या काळात खाद्यात अँटिबायोटिक अजिबात नाही. ज्या पाकिटावर वाण आणि मुदतअखेरची संख्या नाही ते दुकानदाराला परत करायचं. भाऊंसारख्या एजन्सीवाल्यांनी ठरवलं तर असं पाकीट तळेगावात यायचंच थांबेल. कंपनीचा माणूस तर त्यांच्याच दारात येतो.

राहिला प्रश्न आपल्या हवेतल्या, आपल्या डुकरांतल्या वाणाचा. इज्जतनगरला डुकराचा पेडिओकॉकस सापडला, तो विदर्भातल्या पिल्लांत आणि विदर्भातल्या उन्हाळ्यात तसाच चालेल हे गृहीत धरता येत नाही. नागपूरला १९५८ पासून पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे आणि २००० पासून महाराष्ट्र पशु व मत्स्यविज्ञान विद्यापीठही. इथल्याच निरोगी डुकरांच्या शेणातून वाण काढून, एका शेडात अर्ध्या कोंडवाड्यांना देऊन आणि अर्ध्यांना न देता, मे महिन्यात आणि डिसेंबरात दोनदा मोजून पाहणं त्यांच्या आवाक्यातलं काम आहे. त्यासाठी शेड हवं, पिल्लं हवीत, आणि एक वर्ष खाद्यात टेट्रासायक्लिन न टाकणारा मालक हवा. हा लेख भाऊंना वाचून दाखवणार आहेच. तेव्हा पहिलं विचारणं त्यांनाच.